न हलणारी सीट

३१ ऑक्टोबर १९८९

दिवाळी झाली, नरकासुर जळले, आता मतदान! आज शंभूबाब आला होता — होडी निशाणीचा उमेदवार. आमच्या ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो कसा, "भिकाजीमामा, तुमच्या भागात मी फिरणारच नाही. होडीची सीट, कोण हलवतोय!" हे फुगले. चहा दोनदा सांगितला.

मी चुलीकडे कपाळावर हात मारला. सीट हलली नाही तर जीप कशी हलणार?

जानकी, लिही. हसायचं ते मागाहून. (धाकटी सून माझी. अक्षर तिचं, जीभ माझी.)

तर जीपचं सांगते. शेजारच्या मतदारसंघात दर वेळी अटीतटी. तिथे मतदानाच्या दिवशी वास्कोपर्यंत जीपगाड्या जातात, बाहेरगावी गेलेली माणसं आणायला. आमच्याकडे कोण कोणाला आणील? सीट घरचीच! आणि माझा थोरला, सगुण, तिकडे वाळपईला सरकारी कचेरीत बसलाय. तीन वर्षं झाली, आमचा उंबरा चढला नाही. पण मतदानाचं नाव अजून इथंच आहे. काढून नेलं नाही त्यानं. मी त्या एका गोष्टीवर जगते.

आपणहून येणार नाही. बापाचंच वळण. पण दारात जीप उभी राहिली, की माणसाला म्हणता येतं — मी आलो नाही, मला आणला!

३ नोव्हेंबर

हे पडवीत बसून सीटचा इतिहास सांगत होते. ऐकायला मांजर.

मीही पाहिलाय तो इतिहास. पोर्तुगीज गेले, पहिलं मतदान आलं. मी नवं लुगडं नेसून गेले. चित्रावर शिक्का मारायचा, अक्षर लागत नाही — ही सरकारची एवढीच गोष्ट मला आवडली. होडी आली. मग कौल झाला, फूल की दोन पानं. महाराष्ट्रात जायचं की गोवा वेगळा ठेवायचा. आमच्या पेडण्यात फूल फुललं, बाकी गोव्याने पानं निवडली. हे दोन दिवस जेवले नाहीत. मी जेवले.

त्यानंतर दर खेपेला होडीच. एकदा तर उमेदवार खाटेवर पडून होता, तरी निवडून आला. हे म्हणतात, "आमच्याकडे होडीने दगड उभा केला तरी येईल!" मी म्हटलं, "एकदा केला होता की." ह्यांनी मांजराला हाकललं.

मग ते भाषेचं आंदोलन. सगुण म्हणे कोंकणी, हे म्हणत मराठी. भूक लागली की दोघं एकाच बोलीत ओरडायचे, ती कुठली ते मला कोणी विचारलं नाही. सगुण कोंकणीवाल्यांच्या सभेत बोलला, त्यांची निशाणी कंदील. गावभर झालं. हे दारात उभे राहिले. "होडीच्या घरात कंदील नको." त्याने बॅग उचलली. मी आत भात वेळत होते, बाहेर येईपर्यंत तो वाटेला लागला होता.

पुढे गोव्याला राज्य मिळालं. लाडू वाटले. मी खाल्ला, गोड होता. काय करणार!

आता राज्याच्या चाळीस जागा केल्यात, म्हणून आमचे वरचे, पठाराकडचे गाव कापून दुसऱ्याला दिले. उरला नुसता किनारा. हे म्हणतात, काही फरक नाही. मला वाटतं, असावा. देवा, थोडा तरी असावा.

५ नोव्हेंबर

पाववाल्या पदेराचा भोंपू वाजला. सगुण गरम उंडे पाव घ्यायला अनवाणी धावायचा. आता मी जाते. दोन उंडे जास्त घेते, आणि दुसऱ्या दिवशी शिळे आम्हीच खातो.

६ नोव्हेंबर

आज काम केलं. रुक्मिणी बांगडे घेऊन आली. ती सकाळभर दारोदार फिरते, तिच्या पाटीत मासळी कमी, बातम्या जास्त.

मी बांगडा उलटापालटा करत म्हटलं, "काय गे, यंदा कंदील लई घरांत लागलेत म्हणे?"

"खंय गे आये? कोण सांगता?"

"कोण कशाला सांगेल! लोक तोंडाने होडी म्हणतात. शिक्का मारताना आत कोण बघतो?"

रुक्मिणीची पाटी डोक्यावर चढली ती नेहमीपेक्षा जलद. बांगडा एक फुकट राहिला माझ्याकडे.

८ नोव्हेंबर

बातमी परत आली, अंगाने चांगली भरून! जानकी विहिरीवरून ऐकून आली — किनाऱ्यावरचा अख्खा वाडा कंदिलाचा झाला, जाळी ओढणाऱ्या रापणकारांनी शपथ घेतली! मी म्हटलं, "अरे देवा, खरं की काय?" मलाच क्षणभर खरं वाटलं.

कंदिलवाल्यांकडे जीप नाही. एक स्कूटर आहे, तीही ढकलावी लागते. माझा भरवसा होडीच्या भीतीवर.

१० नोव्हेंबर

तुळशीचं लग्न. ऊस लावला, चिंचा-आवळे बांधले. भटजी मंगलाष्टकं म्हणत होते आणि शंभूबाब घाम पुसत आत आला.

"मामा, काय ऐकतोय मी? वाडा फिरला?"

हे उसाकडे बघत राहिले. एरवी टेबलावर मूठ आपटतील! आज म्हणाले, "लोकांचं काय सांगावं."

मग माझ्याकडे वळला. "आये, तू तरी सांग."

"मला काय कळतंय बाबा? मी अक्षरशून्य बाई. पण शेजारी म्हणे जीपगाड्या लावतात."

"लावतो! वास्को, डिचोली, वाळपई, जिथे आपलं माणूस तिथे गाडी. मामा, नावं तुम्ही काढा."

वाळपई म्हणाला! तो आपल्या तोंडाने म्हणाला! मी चुरमुरे वाटताना त्याला दोन मुठी घातल्या.

१३ नोव्हेंबर

ह्यांनी आणायच्या माणसांची नावं मोठ्याने वाचली. कोण पणजीला, कोण डिचोलीच्या खाणीवर. प्रत्येक घर आलं. आमचं घर आलं. हे थांबले, चष्मा पुसला, आणि पुढच्या घराचं नाव वाचलं.

मी म्हटलं, "आमचं कोणी राहिलं काय?"

"आमचे सगळे घरीच आहेत."

भाताला आज मीठ घातलं नाही. मुद्दाम. ह्यांनी तसाच खाल्ला, तोंड वर केलं नाही.

१७ नोव्हेंबर

आज काही सांगायचं नाही. जानकी म्हणते, तारीख तरी घालू. घाल.

२२ नोव्हेंबर

मतदान. शाळेत गेले. दोन कागद दिले, एक दिल्लीचा, एक पणजीचा. शिक्का कुठे मारला ते जानकीलाही सांगणार नाही!

बाहेर होडीवाल्यांचं टेबल. ह्यांची खुर्ची रिकामी. पहिल्या मतदानापासून ही खुर्ची ह्यांची. कुणाला ठाऊक नाही कुठे गेले. मी आंब्याखाली बसून राहिले. जानकी म्हणे घरी चला. मी हलले नाही.

उन्हं कलली तेव्हा जीप आली. पुढे ड्रायव्हर, मधे सगुण, कडेला हे. दोघे समोर बघत होते, जणू एकमेकांना कोणी ओळखत नाही.

सगुण पाया पडला. "आये, बारीक झालीस गे."

"आणि तू जाड. कोण घालतंय?"

"खानावळवाले."

"मग ते माझ्यापेक्षा बरं करतात."

तो हसला, आणि तोंड वळवलं. आत जाऊन मत देऊन आला. कुणाला दिलं ते आंब्यालाही ठाऊक! हे खुर्चीवर बसले होते. सगुण त्यांच्यापुढे उभा राहिला. हे म्हणाले, "गाडी परत जातेय. उशीर नको." तो म्हणाला, "हां."

जीप वळली. घर तिथून दिसतं. फाटक दिसतं, तुळस दिसते.

ड्रायव्हर मागाहून सांगत होता — "आजी, वाळपईपासून इथवर दोघांत एक शब्द नाही! शेवटी मीच गात आलो."

२४ नोव्हेंबर

जास्तीचे उंडे आज आणले नाहीत. मग परत पाठवलं जानकीला. आणले.

२७ नोव्हेंबर

होडीची सीट पडली! थोडक्यात. लोक म्हणतात, सगळेच कंदिलाला देणार असं ऐकलं, म्हणून आम्हीही दिलं.

मी ह्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. हे म्हणाले, "ती बातमी तुझी. तुळशीच्या आधीच रुक्मिणीने मला सांगितलं होतं."

मी म्हटलं, "मग शंभूबाबला का नाही सांगितलं, की सगळं खोटं आहे?"

"सांगितलं असतं, तर त्याने जीप दिली असती?"