गंजीतला हिंग

४ ऑक्टोबर २०२५, शनिवार

एकोणपन्नास किलो आठशे. सकाळी, उपाशीपोटी, नुसत्या पंचावर. काटा आधी स्वतः तपासला — जुनं पाच किलोचं पितळी वजन ठेवून, तीनदा. काट्यात खोट नाही. खोट माझ्यात आहे!

मार्चमध्ये एकसष्ट किलो होतो. गेल्या महिन्यात मोठ्या आतड्यात डाव्या बाजूला गाठ सापडली. कॅन्सर. हा शब्द लिहायला काय भ्यायचं? लिहिला. अजून लांब पसरलेली नाही, ऑपरेशन करून काढता येईल, असं डॉक्टर म्हणाले. पण लगेच नाही. 'गुरुराजराव, मला गाठीपेक्षा तुमच्या अंगाची काळजी आहे. रक्तातलं अल्ब्युमिन, म्हणजे प्रथिन, दोन पूर्णांक चार. अशा अंगावर आतड्याचे टाके धरत नाहीत.' निदान तीनवर आणा, मग सुरी हातात घेतो म्हणे. एकोणतीस तारखेला पुन्हा रक्त तपासायचं. अंगात मांस राखून जे ऑपरेशनला येतात ते जास्त जगतात, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मला पहिल्या वेळीच कळलं होतं.

मग काय! तीस वर्षं वजनमापे खात्यात काढली. दाजीबानपेठेत एक तागडी नसेल जी माझ्या हाताखालून गेली नाही. लोकांची वजनं सरळ केली, आता स्वतःचं करायचं. पंचवीस दिवस भरपूर झाले.

७ ऑक्टोबर, मंगळवार

दवाखान्यात आहाराचं बघणारी एक मुलगी आहे, स्नेहा. आमच्या लेकीच्या, वेदश्रीच्या वयाची असेल. काय खाता, किती खाता, तासभर विचारत बसली. शेवटी म्हणाली, डाळी वाढवा. मी सांगितलं, कार्तिकी एकादशी होईपर्यंत डाळ नाही. चातुर्मासातला हा चौथा महिना, द्विदल व्रत. तूर, मूग, हरभरा, शेंगदाणे, सगळं बंद. घरातले डाळींचे डबेसुद्धा धुऊन माळ्यावर गेलेत. गेल्या महिन्यात दूध बंद होतं, ते आता सुरू आहे.

'ब्याळी इल्लद ह्यांगरी?' ती कपाळाला हात लावून कानडीत म्हणाली. डाळीशिवाय कसं हो, म्हणे! मी म्हटलं, बाई, सदतीस वर्षं असंच चाललंय. माझ्या वडिलांचं चौपन्न वर्षं चाललं. तिनं पावडरचा डबा दिला. घरी आल्यावर बायकोनं, जयूनं, चष्मा लावून वाचला — सोयाबीन! डबाही माळ्यावर गेला.

भात-तूप खाईन. शेवयांची खीर खाईन. दुधानं पोट फुगतं, पण तेही पिईन. करून दाखवतो.

११ ऑक्टोबर, शनिवार

एक्कावन्न दोनशे!! काय म्हणाली होती ती — ब्याळी इल्लद?

१३ ऑक्टोबर, सोमवार

बावन्न सहाशे. जयूला हाक मारून काटा दाखवला. ती बघून हसली, पण जेवढं हसायला हवं तेवढं नाही. बायकांना आकड्यातलं सुख कळत नाही. चपला मात्र घट्ट व्हायला लागल्यात. पायसुद्धा जाड झाले म्हणायचे!

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज लाज वाटली. लिहितो.

स्नेहानं काट्याकडे बघितलंच नाही. खाली बसली, माझ्या नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. खड्डा तसाच राहिला. 'अंकल, हे वजन नाही. पाणी आहे. प्रथिनं नाहीत म्हणून पाणी अंगात साचतंय.'

पाणी! ब्याडगी मिरचीच्या पोत्यांवर पाणी मारून वजन वाढवणारे किती जण मी बघितलेत. हात घातला की कळायचं. भेसळ माझ्या खात्याची नव्हे, पण नजरेला कुठलं आलंय खातं! असल्या माणसांची मी बाजारात चारचौघांत शोभा केली. आणि आज माझंच पोतं ओलं निघालं.

पुढं तिनं कहरच केला. अंडी म्हणाली! रोज तीन अंड्यांचं पांढरं, औषध समजून. मी बोलायच्या आत जयूच कडाडली, 'आमच्या घरात त्याचं नावसुद्धा काढायचं नाही! तुम्हाला कळतं का, कुणाशी बोलताय ते?' पोरीनं वही मिटली. नंतर जयू तिच्याशी गोड बोलायला मागं राहिली, मी रिक्षात दहा मिनिटं बसून होतो. आधी फटकारायचं आणि मग समजूत घालायची, ही तिची जुनी तऱ्हा आहे. पण अभिमान वाटला. चौतीस वर्षांच्या संसारात ती माझ्याहून कडक झालीय.

घरी आल्यावर विचारलं, 'जयू, राहतो का गं मी?'

'राहणार की. न राहून कुठं जाताय?' असं म्हणून ती तांदूळ निवडायला बसली.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

जयूनं मागच्या पडवीत वेगळी शेगडी मांडलीय. माझी गंजी आता तिथंच शिजणार. भांडं वेगळं, पळी वेगळी, माझी वाटीसुद्धा वेगळी. 'तुमचं सगळं निराळं, अगदी सोवळ्यात,' म्हणाली. देव पावेल तर हिच्या सोवळ्याला पावेल.

गंजी म्हणजे आपली मऊ भाताची पेज — जिरं, आलं, हिंग, वरून तूप. दिवसातून तीनदा. बरी लागते.

१९ ऑक्टोबर, रविवार

हिंग जरा जास्त पडतोय. सांगितलं. 'पोटाला चांगला असतो,' म्हणाली.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

बेसनाचा लाडू नाही, चकली नाही. द्विदल महिन्यातली दिवाळी आम्हाला दरवर्षीचीच. रव्याचे लाडू, साजूक तुपातले. जयूनं ओवाळलं तेव्हा ती नुसती तबकाकडेच बघत होती. मी म्हटलं, 'अगं, इकडं बघ की, ओवाळतेस कुणाला?'

वजन पन्नास चारशे. उतरलं! पण घाबरलो नाही. नडगी दाबून बघितली, खड्डा लगेच भरतो. पाणी चाललंय. वेदश्रीचा बेंगळुरूहून फोन आला, तिलाही हेच समजावलं. अप्पा, तुम्हीच डॉक्टर व्हा आता, म्हणाली.

जयूचं आणखी एक लिहून ठेवतो. हल्ली ती माझी गंजी झाली की पुन्हा आंघोळ करते. तीन वेळा गंजी, तीन वेळा आंघोळ, आणि मगच देवघरात. ह्या थंडीत! माझ्यासाठी काहीतरी अनुष्ठान मांडलंय तिनं. विचारलं तर सांगत नाही. अनुष्ठान सांगायचं नसतंच. खालची भाडेकरू भारती, अळणावरची, रोज सकाळी तिला फुलांची पिशवी आणून देते. आज पिशवी घेताना दोघी इतक्या हळू बोलत होत्या की मला हसूच आलं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

जिना न थांबता चढलो. गच्चीवर जाऊन नृपतुंग बेट्टाच्या टेकडीकडे बघत उभा राहिलो. गेल्या महिन्यात चौथ्या पायरीवर बसावं लागलं होतं.

स्नेहाकडे मुठीत दाबायचं एक यंत्र आहे. आधी सतरा किलो दाबलं होतं, आज एकवीस. पोरगी खूश झाली. मी तिला ऐकवलं, 'बघितलंत? अंड्याशिवाय, डाळीशिवाय.' तिनं जयूकडे बघितलं. जयू पिशवीत काहीतरी शोधत होती. म्हटलं, जाऊ दे, हरलेल्याला जास्त टोचू नये.

२९ ऑक्टोबर, बुधवार

तीन पूर्णांक एक!!!

डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. 'हे कसं केलंत?' मी म्हटलं, नियम. डॉक्टर हसले. चार तारखेला ऑपरेशन, तीनला दाखल व्हायचं. 'आता टाके धरतील,' असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. पुढचं गाठ तपासल्यावर कळेल, औषधं लागतील कदाचित, पण अंग साथ देणारं आहे म्हणाले. जयू बाहेरच्या बाकावर बसून रडली. मी तिला चहा पाजला, पैसेही मीच दिले, कारण आज मी यजमान होतो.

३० ऑक्टोबर, गुरुवार

काटा: एक्कावन्न आठशे. कोरडं वजन, अस्सल.

व्रताचे थोडेच दिवस उरले. एकादशी झाली की सदतिसावं वर्ष पार पडेल, तेही असल्या दुखण्यात. वडील असते तर पाठ थोपटली असती. वेदश्रीला सांगायचंय, ऑपरेशन झाल्यावर, की बापानं नियम मोडला नाही आणि आकडाही गाठला. माणसानं ठरवलं की होतं!

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळच्या गंजीत दाताखाली कचकन काहीतरी आलं. खडा समजून बोटावर घेतलं. पांढरं, पातळ, किंचित वाकलेलं. कपाटातून खात्यातलं जुनं भिंग काढलं. खडा नव्हता. अंड्याचं कवच.

सोळा दिवस. पडवीतली शेगडी, तीन-तीन आंघोळी, भारतीची पिशवी. तीस वर्षं सबंध बाजार धुंडाळला आणि काखेतला कळसा दिसला नाही! जिनं घरात त्याचं नाव काढू दिलं नाही, तिनं रोज स्वतःच्या हातानं अंडी फोडली. माझा नियम राहावा, आणि मीही राहावा म्हणून. रागवायला गेलो आणि रडू आलं.

अंडं म्हणजे द्विदल नव्हे. व्रत तेवढं शाबूत आहे म्हणायचं.

कवच खिडकीबाहेर टाकलं. पडवीच्या दारात गेलो, वाटी पुढं केली. म्हटलं, 'जयू, आणखी वाढ. आणि उद्यापासून हिंग बेतानं घाल. तसंही खाईन मी.'

 तिनं पदरानं डोळे पुसले आणि वाटी काठोकाठ भरली.