पाचही बाण लागले

तीर्थरूप दादांस,

धाकट्या दोक-सूचा जमिनीला कपाळ टेकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींनी पाठवलेली सुकी मासळी पोचली. माझी तब्येत उत्तम आहे, आणि किती उत्तम, तेच सांगायला हे पत्र.

एका पाळीत पाचही बाण निशाणाला लागले की धनुर्धराला 'जॉपजांग' म्हणतात. ही पदवी तुम्हाला तरुणपणीच मिळाली, आणि दर नववर्षाच्या पंगतीत तुम्ही ती मला वाढत आला आहात. मला मात्र आमच्या तिरंदाजीच्या मंडपात अजून नुसतं आडनावाने, 'मेंग' म्हणतात. परवा टीव्हीवर एक डॉक्टर म्हणाला, दम लागेपर्यंत व्यायाम केला की नजर थोडा वेळ तेज होते. (पुढेही तो काही सांगत होता, पण तोवर मी बूट घालत होतो.) मंडपामागची टेकडी पळत चढलो, उतरलो, आणि तसाच धापा टाकत नेम धरायला उभा राहिलो. दादा, नजर अशी उघडली की एरवी धुक्यात असणारं निशाण चक्क दुहेरी दिसायला लागलं. त्यातलं ठळक ते खरं, असा हिशेब करून बाण सोडला. लागला. पुढचाही लागला. मागे सगळे चिडीचूप. (नेम चालू असताना बोलायचं नाही हा नियम खराच, पण या शांततेत आदर होता.) पाचवा लागला आणि माझे डोळे भरून आले. तेव्हा कुठे शेजारचा बांग बोलला, "झालं? आता आपल्या निशाणावर मार. ते पलीकडचं आहे."

"मग पहिल्याच बाणाला सांगायला काय झालं होतं?"

"नियम मोडू होय?"

मंडपाच्या प्रमुख पिअनबाई म्हणाल्या, "मेंगकाका, दुसऱ्याच्या निशाणावरचा बाण चुकलेलाच धरतात. पण धापा टाकत सलग पाच लावणारा माणूस मी पाहिला नव्हता." यातलं दुसरं वाक्य वहिनींना मोठ्याने वाचून दाखवा.

तुमचा,
दोक-सू

ता.क. पदवी मिळाली की वाटायला तांदळाच्या वड्या मी आधीच सांगून ठेवल्या होत्या. पदवीवाचूनच सगळ्यांनी खाल्ल्या. बांगने सर्वांत जास्त.

आणखी ता.क. पिअनबाईंनी मला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू आहे, दम लागल्यावर जास्त जाणवला, एवढंच. शुक्रवारी ऑपरेशन. जागेपणीच करतात म्हणे. मी घाबरलेलो नाही, पण तुमचं झालेलं आहे, तेव्हा गुरुवारच्या गाडीने या. यायचा हट्ट तुम्हीच धरलात असं मी हिला सांगितलंय. आल्यावर तसंच सांगा.