कश्यप गोत्राचा म्हातारा

बरकतपुरा, हैदराबाद

तीर्थरूप अण्णा,

पुढे 'साष्टांग नमस्कार' लिहिलं होतं, ते खोडलं. तुमच्या पाया पडायची माझी लायकी आहे असं आज मला वाटत नाही. तुम्हाला जाऊन तीन वर्षं झाली आणि पहिलं पत्र लिहितोय, तेही खोटं बोलताना स्वतःलाच पकडलं म्हणून.

कारण इरा आहे. तुमची नात आता नववीत गेली. माणसाच्या पूर्वजांवर तिला वर्गात बोलायचं आहे. परवा जेवताना म्हणाली, "पप्पा, आजोबांचा तो बिनदाताचा म्हातारा कुठंय? मला स्कूलला न्यायचाय."

"फुटला तो," मी म्हणालो. "घराला रंग देताना."

फुटला नाही, अण्णा. तुमच्या अस्थींबरोबर मी त्याला बासरला गोदावरीत सोडून आलो.

किती हौसेनं केली होती तुम्ही ती कवटी! शाळेतून रिटायर झालात आणि जॉर्जियात सापडलेल्या त्या अठरा लाख वर्षांपूर्वीच्या कवटीचे फोटो मासिकांतून कापून ठेवायला लागलात. मग मला स्कूटरवर बसवून धूलपेटला नेलंत. गणपती करणारा तो कारागीर फोटो उलटासुलटा करून बघत राहिला. "मास्टरसाब, इसके दाताँ कां गए? एकीच है!"

"बाकी के गिर गए मियाँ. बुड्ढा था."

"तो इनो बी एकदंत है!" असं म्हणाला तो, आणि तयार कवटी आणायला गेलो त्या दिवशी स्वतःच घडवलेल्या तिला त्यानं हात जोडले. परत येताना तुम्ही चादरघाटपर्यंत हसत होतात. मला मात्र रस्त्यात कुणी ओळखीचं भेटेल आणि पिशवीत काय आहे विचारेल याचीच धास्ती. बँकेत नवा नवा ऑफिसर झालो होतो ना!

गल्लीतली पोरं ती कवटी बघायला यायची. तुम्ही त्यांचं बोट जबड्यावरून फिरवायचात. दात पडल्यावर तिथलं हाड भरून यायला बराच काळ लागतो. याचं तर सगळं भरून आलं होतं. म्हणजे दात गेल्यावरही हा पुष्कळ जगला. मग खात काय होता? याला मऊ करून कोण देत होतं? तुम्ही मास्तर, एका बाजूनं बोलून थांबणारे नव्हेच. लगेच सांगायचात, "काही जाणकार म्हणतात, कुणी दिलं नसेलही. दगडानं हाडं ठेचून, आतला मगज काढून एकटाच जगला असेल. आपल्याला नक्की ठाऊक नाही."

आम्ही घरात हा दुसरा पक्ष धरला, अण्णा. सोयीचा होता.

आई गेली, मग तुमचे दात गेले. कवळी हिरड्यांना टोचायची. तिच्यासाठी पुन्हा दवाखान्यात न्यायला मला कधी सवड झाली नाही. तुम्ही आईचा छोटा खलबत्ता काढलात आणि ताटाशेजारी बसून भाकरी कुटायला लागलात. ठक ठक ठक, मग वरण, मग चमचा. आम्ही म्हणायचो, अण्णांचं अण्णा बघतात, कुणाला त्रास नाही.

इराच्या वाढदिवसाला माझे साहेब आले होते. तुम्ही नेहमीसारखे खलबत्ता घेऊन टेबलाशी बसलात. कुटता कुटता भाकरीचा तुकडा उडून साहेबांच्या बायकोच्या साडीवर पडला. ती बिचारी हसली. मी हसलो नाही. मी म्हणालो, "अण्णा, आत जाऊन खा की. लोक बघायलेत."

तुम्ही "हौ हौ" म्हणालात आणि उठलात. एका हातात ताट होतं आणि दुसऱ्यात खलबत्ता, म्हणून दार तुम्हाला कोपरानं ढकलावं लागलं. मी उठून ते उघडलंसुद्धा नाही! त्या दिवसापासून तुम्ही आतच जेवलात. एकदा तरी भांडायचं होतं ना माझ्याशी! शाळेत पोरांना छडी दाखवणारे तुम्ही, घरात इतके कसे गरीब झालात?

बातम्यांच्या वेळी आतून ठक ठक यायची. मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. पुढे ती थांबली. कधी थांबली ते मला सांगता येणार नाही. हात थरथरायला लागले म्हणून तुम्ही कुटणं सोडलं होतंत आणि चहात बुडवलेल्या बिस्किटांवर दिवस काढत होतात, हे मला कळलं तेव्हा तुम्ही पलंगावरून उठतही नव्हतात.

अस्थी घेऊन बासरला निघायच्या सकाळी गुरुजींची नजर फळीवरच्या कवटीवर गेली. ते दचकले. "हे कुणाचं हो? परक्याचं हाड घरात ठेवून अण्णांना गती कशी मिळायची?" सगळे भाऊबंद माझ्याकडे बघायला लागले. 'गुरुजी, धूलपेटचं प्लास्टर आहे ते,' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो नाही. ते पोकळ तोंड समोरून जात असेल तर मला हवंच होतं.

नदीवर गुरुजींनी त्याचं गोत्र विचारलं. मी मान हलवली. "ठाऊक नसेल तर कश्यप म्हणा." मग मी अठरा लाख वर्षांच्या म्हाताऱ्याला कश्यप गोत्रानं तीळ-पाणी दिलं, अण्णा! तुम्ही असता तर पोट धरून हसला असता. तुमच्या अस्थी पाण्याबरोबर गेल्या. तो तिथंच बुडाला. प्लास्टर विरघळत नाही म्हणून दर गणपतीला तुम्हीच तर ओरडायचात.

काल इरानं तुमची टिपणवही काढली. तिला मराठी भरभर वाचता येत नाही, म्हणून मला वाचायला बसवलं. 'याला कोण भरवत होतं?' ही ओळ मी दोनदा वाचली. ती वहीकडे बघत म्हणाली, "मग पप्पा, आजोबा आतल्या रूममध्ये एकटे का जेवायचे?"

"त्यांना तसंच आवडायचं," मी म्हणालो. दोन दिवसांतलं हे दुसरं खोटं.

अण्णा, माफी मागत नाही. तुम्ही लगेच "हौ हौ" म्हणून मोकळे व्हाल, आणि ते मला सोसणार नाही. शब्द देतो. येत्या रविवारी इराला धूलपेटला नेणार आहे. तो कारागीर नसला तर त्याचा मुलगा असेल. दुसरा म्हातारा करून घेऊ, दात एकच. आणि तिथं जायच्या आधी, घरातच, खलबत्ता पुढ्यात ठेवून तिच्यापाशी माझी दोन्ही खोटी कबूल करून टाकेन. मग ती विचारेल, त्या म्हाताऱ्याला कुणी भरवलं हे खरंच कळलंय का? मी सांगेन, त्याचं नक्की कुणालाच ठाऊक नाही. पण तुझ्या आजोबांना मी भरवलं नाही, एवढं नक्की ठाऊक आहे.

तुमचा,
मुकुंद