एकाच टबात दहा कॅप

४ मार्च, सोमवार

कंबर गेली कामातून! अख्खं इंजिन एकटीनं खोलण्याचं हे वय नाही. पण करते काय? लाँचवाल्याला दोन्ही लाँचची इंजिनं एकदमच हवीत. नाहीतर नदीपलीकडची माणसं तिकडेच अडकतात. दोन्ही इंजिनं एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची. शेजारी शेजारी ठेवली की कोणतं कुठलं ते लाँचवाल्यालाही सांगता येत नाही.

पहिलं अप्पांनी शुक्रवारी खोललं. दुसऱ्याला आज हात घालायचा होता, तर अप्पांची डोळे दाखवायची तारीख नेमकी आजची. मग मीच खोललं. क्रँकच्या पाचही कॅप काढल्या, पंचानं खुणा केल्या, ओळीनं टेबलावर मांडल्या. चहा प्यायचा राहिला तो राहिलाच.

अप्पा संध्याकाळी आले. डोळ्यांत औषध घातलेलं, नीट दिसत नाही, तरी हात काळे करायची घाई! म्हटलं, धुवायचं काम उद्या करा.

५ मार्च, मंगळवार

अप्पांनी सगळं रॉकेलच्या टबात धुऊन पुसून ठेवलं. काम अजून चोख आहे. पण "धाकट्याचा फोन आला का?" हे आज चार वेळा विचारलं. तीनदा सांगितलं, काल रात्री तुम्हीच बोललात ना तुमच्या लेकाशी. चौथ्यांदा मी ओरडले. गेल्या आठवड्यात गॅस तसाच चालू ठेवून फिरायला गेले होते. किती ठिकाणी लक्ष ठेवू मी?

८ मार्च, शुक्रवार

पहिलं बसवलं. क्रँकचा दांडा एका बोटानं फिरतो! अप्पांनी येऊन फिरवून बघितला. "जरा जास्तच मोकळा वाटतो गं." मी म्हटलं, "अप्पा, घट्ट असला तरी बोलणार, मोकळा असला तरी बोलणार!" ते हसले. लाँचवाला दुपारी घेऊन गेला.

आज जेवून सरळ झोपणार.

११ मार्च, सोमवार

नको झालंय सगळं.

दुसऱ्या इंजिनात क्रँक ठेवून त्याला धरणाऱ्या कॅप आवळायला घेतल्या. पहिली झाली, दुसरी झाली. तिसरी आवळली आणि क्रँक जागच्या जागी जाम! सगळं सोडवलं, पुसलं, तेल लावलं, परत आवळलं. परत जाम. तिसरी सोडली की फिरतो, आवळली की अडकतो. तासभर मी त्या कॅपकडे बघत बसले आणि मग डोक्यात प्रकाश पडला. ही कॅप या इंजिनाची नाहीच! ही त्या पहिल्याची.

कारखान्यात या कॅप ब्लॉकला बसवून मग त्यात क्रँकसाठी भोक पाडतात. म्हणजे ज्याची कॅप त्यालाच. दुसऱ्या इंजिनाची दिसते तशीच, बसतेही छान, फरक केसाएवढा. पण क्रँकला केसाएवढी जागाही पुष्कळ होते.

अप्पांना विचारलं, "दोन्ही इंजिनांच्या कॅप एकाच टबात टाकल्यात?"

"टाकल्या."

"दहाच्या दहा?"

त्यांनी कॅप माझ्या हातातून घेतली. खिडकीपाशी नेली. चष्मा वर केला, अगदी डोळ्यांजवळ धरली, अंगठ्याचं नख फिरवलं. बराच वेळ तसेच उभे होते. मग म्हणाले, "झालं असेल. माझ्याच हातून झालं असेल."

मला इतका राग आला की पाना आपटला. पन्नास वर्षं हेच केलं या माणसानं!

तेवढ्यात ते म्हणाले, "पहिलं थांबव. हे घट्ट झालंय म्हणजे ते सैल झालंय. घट्ट असलं की लगेच कळतं, सैल असलं की कळत नाही. फोन कर त्याला."

म्हटलं, उद्या.

१२ मार्च, मंगळवार

फोन केला नाही.

खरं तर हे दुसरं लेथवर नेऊन नव्यानं बोअर करून घेता येईल. कुणाला काही कळणार नाही. पहिलं चाललंय तसं चालेल, कदाचित वर्षभरही चालेल. मी खोटं कुठे बोलतेय? फक्त बोलत नाहीये.

संध्याकाळी नदीवर गेले. लाँच पलीकडून येत होती. आवाज ठीक वाटला. मोजायचं नाही असं ठरवलं होतं, तरी उतरणारी माणसं मोजली. एकतीस. एका बाईच्या कडेवर तान्हं होतं, ते एकतिसात धरलेलं नाही.

१३ मार्च, बुधवार

केला एकदाचा फोन. लाँच आजपासून बंद.

लाँचवाला आधी तडकला, साहजिक आहे. मग मी म्हटलं, "अप्पांचं आता वय झालंय हो. धुताना कॅप मिसळल्या त्यांच्याकडून." त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "ताई, म्हाताऱ्या माणसाला कशाला हात लावू देता?" मी म्हटलं, "हो ना." इतकं सोपं गेलं ते!

धाकट्या भावालाही सांगितलं. "कधीचा सांगतोय, ताई. घरी बसव त्यांना. काहीतरी होऊन बसेल."

जेवण झाल्यावर अप्पांकडे दुकानाची किल्ली मागितली. "उद्यापासून तुम्ही आराम करा." वाटलं होतं, भांडतील. पट्ट्याच्या कडीतून किल्ली काढायला त्यांना वेळ लागला, इतक्या वर्षांत ती कडी घट्ट बसली होती. माझ्या हातात देऊन म्हणाले, "डावं कुलूप आधी अर्धा फेरा उलटं फिरव. नाहीतर उघडणार नाही."

१४ मार्च, गुरुवार

विसरले. कुलपाशी वीस मिनिटं झटापट. शेजारचा टायरवाला येऊन विचारतो, "आज अप्पा नाहीत?"

१६ मार्च, शनिवार

पहिलं इंजिन परत आलं. लाँचवाला सांगत होता, ऑइलचं प्रेशर निम्म्यावर आलं होतं, त्याला वाटलं काटाच बिघडला. खोलून बघितलं तर तिसरं बेअरिंग खरवडलेलं. क्रँक वाचलाय. अजून दोन-चार दिवस गेले असते तर लाँच भर नदीत बंद पडली असती. मी मंगळवारी फोन केला नव्हता, हे मला माहीत आहे.

दहा कॅप टेबलावर मांडल्या. दोन्ही इंजिनांच्या तिसऱ्या आणि चौथ्या कॅपची आपसात अदलाबदल झालेली. कळलं कसं? खुणांवरून. अप्पांच्या नियमाप्रमाणे जितक्या नंबरची कॅप तितकी टिंबं पंचानं तिच्यावर ठोकायची, तितकीच शेजारी ब्लॉकवरही. पण टिंबं दोन तऱ्हेची निघाली. एका इंजिनावर गोल, दुसऱ्यावर अर्धवट, नखाच्या आकाराची. ती माझ्या पंचाची, त्याचं टोक उडालंय. दुसरं इंजिन खोलताना अप्पांनी माझा पंच उचलला असणार.

आणि दोन्हीवर टिंबंच! दोन जुळी इंजिनं एकदम उघडी असली की एकाला टिंब, दुसऱ्याला छिन्नीची रेघ. मी सतरा वर्षांची असताना हे त्यांनीच शिकवलं. मग दहाच्या दहा एका टबात टाकल्या तरी बिघडत नाही. स्वतःचा नियमही आठवला नाही बिचाऱ्यांना. राग गेला, नुसतं वाईट वाटलं.

१९ मार्च, मंगळवार

दोन्ही बसली, दोन्ही फिरतात, दोन्ही गेली. हुश्श म्हणायचीही ताकद नाही.

अप्पा घरात नुसते बसून असतात. पेपर उघडतात, पान उलटत नाहीत. आज विचारलं, "कुठल्या होत्या गं?" म्हटलं, तिसरी आणि चौथी. "हं." दुकानात त्यांच्या स्टुलावर मी पिशवी ठेवते. रिकामं बघवत नाही.

२१ मार्च, गुरुवार

लाँचवाल्याचा फोन. त्याला त्याच्या वहीत लिहायचं होतं, दुसरं इंजिन कुठल्या तारखेला खोललं. मला आठवेना. म्हणून ही रोजनिशी मागे उलटली.

चार मार्च. "अप्पांची डोळे दाखवायची तारीख." "क्रँकच्या पाचही कॅप काढल्या, पंचानं खुणा केल्या."

माझंच अक्षर.

फोनवर तो हॅलो हॅलो करत होता. तारीख सांगितली आणि ठेवला. मग स्टुलावरची पिशवी खाली ठेवून तिथे बसले. अप्पांनी माझा पंच उचललाच नव्हता. ते तिथे नव्हतेच. घाईत टिंबं मी मारली, रेघ मारायची मी विसरले, खुणा बघून कॅप बसवल्याही मीच. त्यांनी फक्त धुतल्या. मी रेघा मारल्या असतील, या भरवशावर एका टबात धुतल्या.

आणि ते खिडकीपाशी कॅप घेऊन उभे होते. माझ्या पंचाचं टोक उडालंय हे त्यांना माहीत आहे. नवा घे म्हणून दहादा सांगून झालंय त्यांचं.

२२ मार्च, शुक्रवार

सांगितलं. अप्पा मटार सोलत होते, सोलतच राहिले.

"तुम्हाला कळलं होतं ना?"

"खिडकीपाशी नेली तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत, अप्पा! मी सगळ्यांना तुमचं नाव सांगितलं. किल्ली काढून घेतली तुमच्याकडून!"

"अगं, मी विसरतो हे आता सगळ्यांना माहीत झालंय. त्यात एक आणखी, काय फरक पडतो? दुकान तुला चालवायचंय."

मला खूप रडू आलं. तसंच त्यांच्यासमोर लाँचवाल्याला फोन लावला. "ठेव तो फोन," अप्पा खेकसले, "वेडी आहेस का!" ठेवला नाही. अप्पांचं नाव मी उगाच घेतलं, म्हटलं. लाँचवाला विचारतो, "ताई, म्हणजे ते अप्पांनी केलेलं नव्हतं?" म्हटलं, "नाही हो. ते मी केलेलं."

मटारांच्या ताटाशेजारी किल्ली ठेवली होती. अप्पांनी हात पुसले, पट्ट्याच्या कडीत ती अडकवायला लागले. कडी उघडेना, मग मी धरली.