मेथीचं पाणी, रिकाम्या पोटी

२ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून सुरू. रात्रभर भिजवलेल्या मेथीचं पाणी, रिकाम्या पोटी. इतकं कडू आहे की गुण आल्याशिवाय राहायचा नाही.

हे पुढच्या महिन्याच्या अखेरीस येणार. लिफ्ट बसवण्याचं काम, वर्षभर परगावी. काल फोनवर म्हणाले, तिकडची खोली कायमची घ्यायची की इकडे बदली मागायची ते आल्यावर ठरवू. म्हणजे सगळं माझ्यावर आहे. मागच्या खेपेला मी नवा ड्रेस घालून समोर उभी राहिले, तर म्हणाले, तुझ्या अंगावर कपडा नुसता टांगल्यासारखा दिसतो. लेडीज टेलरच्या दुकानात फिटिंग बघणाऱ्या बाईला हे ऐकून घ्यावं लागलं! इतकी वर्षं दुसऱ्यांच्या छातीला टेप लावतेय. स्वतःला लावायची तर डोळे मिटून लावते. रडले नाही. म्हणजे त्यांच्यासमोर नाही.

छाती भरली की बदली होणार. साधा हिशोब आहे.

४ फेब्रुवारी
पार्लरवालीने पूर्ण कोर्स सांगितला. मेथी, बडीशेप आणि ज्येष्ठमधाचा काढा दिवसातून तीनदा. तिच्या एका गिऱ्हाइकाला म्हणे दोन महिन्यांत सगळे कपडे नवे शिवावे लागले. कोण ते विचारलं, तर ती आता इथे राहत नाही म्हणाली. साहजिक आहे.

काष्ठौषधीवाल्याने भर दुकानात विचारलं, एवढी मेथी कशाला, घरात बाळंतीण आहे का? दूध यावं म्हणून नेतात म्हणे. मी म्हटलं, खोकला आहे. तो म्हणाला, मेथी खोकल्याला? मग मी ज्येष्ठमधाकडे बोट दाखवलं. एवढं ज्येष्ठमध म्हणजे खोकला बराच जुना दिसतो, म्हणाला. चोंबडा मेला.

पाकिटावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय, ब्लडप्रेशर असल्यास डॉक्टरांना विचारा. मला आहे. पण गोळी चालू आहे, म्हणजे नसल्यातच जमा.

११ फेब्रुवारी
काज-बटण करणारी सकाळपासून नाक वर करून दुकानभर हिंडत होती. लोणच्याची बरणी फुटली का म्हणून तिने मास्तरांनाही विचारलं. ट्रायल रूममध्ये माझ्याशेजारी उभं राहून एक गिऱ्हाईक म्हणालं, कापडाला वास येतोय, बदलून द्या. मास्तरांनी अख्खा तागा उन्हात टाकला. घामाला मेथीचा वास येणं म्हणजे औषध अंगात भिनल्याची खूण. ठरल्याप्रमाणे चाललंय.

पोट मात्र बिघडलंय. शुद्धी होत असणार.

१६ फेब्रुवारी
विशेष काही नाही. इस्त्रीखाली माझ्या टेपचं टोक जळलं, कात्रीने उडवून टाकलं. ह्यांना तीनदा फोन केला, उचलला नाही. कामात असतील.

१९ फेब्रुवारी
एक इंच!!!

तीनदा मोजलं. श्वास सोडून मोजलं, घेऊन मोजलं. पूर्ण एक इंच. दुकानाच्या मोरीत उभी राहून हसले. पार्लरवालीला मिठी मारावीशी वाटली. ह्यांना मेसेज केला, लवकर या, सरप्राइज आहे. उत्तर आलं, ओके.

ओके म्हणजे उत्सुकता दाबून धरलीय.

२५ फेब्रुवारी
या आठवड्यात चार ड्रेस परत आले. सगळे सैल. गिऱ्हाइकांना समजावलं की हल्ली तुम्ही डाएट करता, त्याला आम्ही काय करणार. एक बाई भांडायलाच उठली. मास्तर माझ्याकडे बघत होते. बघू देत. माझी प्रगती डोळ्यात भरत असणार.

२८ फेब्रुवारी
मास्तरांनी माझा टेप त्यांच्या टेपशेजारी ठेवला. माझा दोनपासून सुरू होतो. पहिला इंच नाहीच. सगळ्यांसमोर म्हणाले, वहिनी, तुमचं लक्ष कुठे आहे? काजवाली खाली मान घालून हसत होती.

गिऱ्हाइकांचा इंच टेपमधला होता, हे कबूल. माझा सगळाच्या सगळा टेपमधला असेल असं नाही. थोडा तरी माझा असणार. ज्येष्ठमध दुप्पट करते आहे.

५ मार्च
वाढ सुरू झाली. पायात.

घोट्यांची हाडं दिसत नाहीत. चपलेचा पट्टा लागत नाही. पार्लरवाली म्हणाली, अंग भरायला लागलं की खालून वर भरत येतं. पाणी टाकीतही खालूनच चढतं, तेव्हा पटण्यासारखं आहे. डोकं मात्र सारखं ठणकतंय.

९ मार्च
मशीनवर बसल्या बसल्या डोळ्यांपुढे अंधारी आली. काजवालीने धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वाटेत तिला सगळं सांगावं लागलं. या खेपेला हसली नाही, उलट माझा हात घट्ट धरला. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी प्रेशर दोनदा मोजलं. म्हणाल्या, याने छाती वाढते असा पुरावा कुणाकडेही नाही. स्वयंपाकात चिमूटभर मेथी वेगळी. असं प्यायलात की पोट बिघडतं, साखरही उतरू शकते. आणि रोजच्या ज्येष्ठमधाने अंगात पाणी साठतं, पोटॅशियम कमी होतं, प्रेशर वाढतं. हृदयावर बेतलं असतं. दिवस गेलेले असतील तर यातलं काहीच नको, हेही सांगितलं. मी म्हटलं, तशी शक्यता नाही, हे वर्षभर परगावी असतात. पण औषध तर नैसर्गिक आहे ना? तर म्हणाल्या, धोतराही नैसर्गिकच आहे.

मग चष्मा काढून विचारलं, हे कुणासाठी करताय? मी म्हटलं, धंद्यासाठी, टेलरिंगमध्ये फिगर लागते. त्यांनी चष्मा परत चढवला.

आजपासून सगळं बंद. कायमचं.

१० मार्च
बडीशेपेबद्दल त्या वेगळं काही बोलल्या नव्हत्या. तेवढी चालू ठेवली.

२२ मार्च
हे पाच दिवसांत येतायत आणि आरशात तीच मी. सगळे कपडे अंगावर चढवून पाहिले, सगळे टांगलेलेच दिसतात. काय करू? खोली कायमची घेतली तर मी इथे कुणासाठी स्वयंपाक करणार?

ज्येष्ठमध परत घेतलं. फक्त पाच दिवस. डॉक्टरीणबाईंना कळायचं कारण नाही.

२७ मार्च
आले! दारातच म्हणाले, तुझे पाय सुजलेत का? म्हणजे नीट निरखून पाहिलं. जेवताना गप्प होते. प्रवासाचा शीण. बदलीचा विषय मी काढला, तर म्हणाले, बोलू सावकाश.

२८ मार्च
काय लिहू! त्यांचे कपडे धुवायला काढताना बॅगेत तळाशी एक ड्रेस सापडला. डाळिंबी रंगाचा. नजरेनेच माप कळलं, छाती अडतीस. माझी बत्तीसपण नाही. म्हणजे बघा, त्यांना माझ्याबद्दल किती खात्री! मी सरप्राइज म्हटलं आणि माणसाने थेट अडतीस आणला.

बगलेत पुसटसा घामाचा डाग आहे. पावडरचा वास आहे. एक हुक हाताने हलवून लावलेलं आहे. शोरूमच्या मालाचं असंच असतं, दहाजणी घालून बघतात.

बॅगेत होता तसा ठेवून दिला. देतील तेव्हा चकित व्हायचं.

२९ मार्च, दुपार
अजून दिला नाही. लाजतायत. आता केस कापायला गेलेत. माझ्या डोक्यात कल्पना आली आहे. तास-दीड तास मिळेल.

२९ मार्च, संध्याकाळ
ड्रेस उसवला. दोन्ही बाजूंनी माझ्या मापाचा केला. उरलेली माया कापून टाकली. गिऱ्हाइकाची मी कधी कापत नाही, पुढे सैल करायची वेळ आली तर आत कापड हवं. पण हा माझा होता. घालून पाहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा अंगावर काही टांगल्यासारखं दिसलं नाही. मीच मला आवडले. तशीच दारात उभी राहिले.

ह्यांनी पाहिलं आणि चपला न काढता खाली बसले. हे काय केलंस म्हणाले. तिकडच्या घरमालकिणीचा आहे म्हणाले, तुझ्याकडून दुरुस्त करून न्यायचा होता, सांगायला जमत नव्हतं. मी म्हटलं, काय दुरुस्ती? म्हणाले, फक्त पोटात सैल. बाकी आहे तसंच.

आमच्या दुकानात कुणी बाई असं सांगत आली, की काजवाली लगेच खुर्ची पुढे करते. मास्तर म्हणतात, अहो बसा, उभ्या राहू नका. अभिनंदन मी करते, माप घेताना.

मी विचारलं, कितवा महिना?

माझ्या अंगावरच्या ड्रेसकडे बघत म्हणाले, पाचवा.

३० मार्च
सकाळच्या गाडीने गेले. खोली कायमची घेणार आहेत.

ड्रेस इथेच राहिला. माया कापल्यामुळे सैल होणार नाही, कळ्या घालाव्या लागतील. मास्तरांकडे डाळिंबी कापड मागितलं, त्यांनी शोधून दिलं. काजवालीने हुकं लावून दिली. मला हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि घोटे बघितले. उद्या डॉक्टरीणबाईंकडे नेणार आहे, माझं काही ऐकणार नाही म्हणते. दुरुस्ती झकास झाली आहे. ड्रेस न्यायला ते स्वतःच येतील असं मला वाटतं.

ज्येष्ठमध मोरीत ओतलं. मेथी बरीच उरली होती, ती ड्रेसच्या पिशवीत घातली. मग आठवलं, दिवस गेलेले असताना नको म्हणाल्या होत्या. परत काढून डब्यात भरली. बाळंत झाल्यावर लागेल तिला. तोवर राहील चांगली.