भिंतीच्या भोकातून आलेल्या चिंबोऱ्या

मोहोपाडा, बुधवार, १२ डिसेंबर १९७३

आज कॉलनीत चिंबोऱ्या आल्या. मागच्या भिंतीला पावसाचं पाणी जायला भोक ठेवलंय, त्यातून एकामागून एक. पोरांनी बादल्या भरल्या. शेजारच्या सुमनताई म्हणाल्या, "बघा, ओढ्यावर जायची गरजच उरली नाही."

पण थंडीत चिंबोरी बाहेर येतेच कशाला? माझं माहेर दहिवलीचं, नदीकाठचं. तिथं ती पावसाच्या तोंडाला चढते आणि थंडीत बिळात बसते. आणि यातल्या कितीतरी धड चालतही नव्हत्या.

दिवाळीआधी भिंत नव्हती, तेव्हा मी रोज संध्याकाळी रानातून ओढ्यापर्यंत जायचे. गावातल्या बायका तिथं धुणं धुवायच्या. पाण्याचा रंग जरा बदलला तरी त्या सांगायच्या. मग साप येतात म्हणून कमिटीनं वाटच बंद केली, आमची आणि त्यांचीही. मी ह्यांना म्हटलं होतं, निदान एक फाटक ठेवा. "रानात काय ठेवलंय गं?" म्हणाले होते.

आता ओढ्यात कुणी काय सोडलंय, ते बघायला कोण जाणार? त्या भोकाशी वाकून पाहिलं. काही दिसलं नाही, नुसता उग्र वास आला. डोळे अजून चुरचुरताहेत.

तशीच सुमनताईंकडे गेले. म्हटलं, त्या चिंबोऱ्या शिजवू नका.

त्या पदराला हात पुसत दारात आल्या. "अहो, पोरं जेवून उठलीसुद्धा," म्हणाल्या. "तुमच्यासाठी वाटीभर काढून ठेवलंय."