कोरी सोडलेली जागा

१२ मार्च, गुरुवार, दुपार

प्रिय ठकू,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. माझा गुडघा कुरकुरतो, तुझी आई माझ्यावर कुरकुरते, म्हणजे सगळं सुरळीत आहे.

पाच वर्षांनी बाबांचं पत्र बघून दचकू नकोस. काल मी हायकोर्टात होतो, तुझा निकाल ऐकायला. मागच्या बाकावर, खांबाआड. सुनावणीचे तिन्ही दिवसही तिथेच होतो. घरी सांगायचो, दाताच्या डॉक्टरकडे जातो. काल तुझी आई म्हणाली, "तोंडात दात किती, आणि खेटे किती!"

काय बोललीस गं! समोरचे वकील म्हणाले, शाळेच्या अर्जावर बापाची सही हवीच, तसा याच कोर्टाचा जुना निकाल आहे. तू आवाज न चढवता म्हणालीस, "राज्यघटनेने समान हक्क प्रत्येक नागरिकाला दिलेत, मायलॉर्ड. मग एकट्या आईची सही अर्धी कशी?" तिन्ही न्यायमूर्तींनी माना वर केल्या. मला टाळी वाजवावीशी वाटली. बत्तीस वर्षं तिथे लघुलेखक होतो, म्हणून हात आवरला.

आवरला कसला, कामाला लावला. मांडीवर वही ठेवून तुझा शब्द न् शब्द लघुलिपीत उतरवला. एके ठिकाणी शेजारचा गृहस्थ खोकला, तेवढा शब्द गेला. तिथे जागा कोरी सोडली आहे. न ऐकलेला शब्द अंदाजाने भरायचा नाही, नंतर जाऊन विचारायचा, हा आमच्या कामाचा नियम.

आता जे सांगायचं ते सांगतो. तो जुना निकाल मीच टाइप केला होता. दोन न्यायमूर्तींनी सांगितला, मी उतरवला. तेवीस पानं, एक चूक नाही, म्हणून साहेबांनी पाठ थोपटली होती. त्या पानांत लिहिलंय काय, याचा विचार मी कधी केला नाही. मग तू एक दिवस आलीस. मूल होणार आहे, लग्न करणार नाही, म्हणालीस. आणि माझ्या तोंडून त्या पानांतलंच काहीतरी बाहेर पडलं, "बापाचं नाव नसलेल्या मुलाचा या घरात उल्लेखही नको."

तुझ्या आईने हा हुकूम असा काही पाळलाय, की मलाच शिक्षा झाली. तुझ्याकडे जाते, नातीला खेळवते, परत येताना हसत येते, पण घरात अवाक्षर काढत नाही. परवा न राहवून नातीचं नाव विचारलं, तर म्हणते कशी, "उल्लेख नको म्हणाला होतात ना? मग आता लेकीलाच विचारा."

काल तिघांच्या पूर्णपीठाने तो निकाल चुकीचा ठरवला. पुस्तकात तो छापलेला राहील, पण यापुढे कुणाला बांधणार नाही. माझं वाक्यही तुझ्या मनातून पुसलं जाणार नाही, ठकू, मला कळतं. पण ते चूक होतं. मी चुकलो गं. मला माफ कर.

रविवारी दोघी या. मी दारातच उभा असेन. येणं नाही जमलं, तर हेच पत्र परत पाठव, खालची जागा भरून. ती मी अंदाजाने भरलेली नाही.

तुझे बाबा,
आणि
…………………… हिचे आजोबा